वीस घोंगड्या आणि एक पत्रक

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. शाळेची पुस्तकं नंतर आली.

आबा घोंगड्या विणायचे. विणून झालेली घोंगडी गिऱ्हाइकाला द्यायची ती कागदात गुंडाळून, वरून सुतळी बांधून, अशी आमच्या गल्लीची रीत. कोरा कागद परवडायचा नाही. म्हणून क्रांती चौकाजवळच्या एका छोट्या छापखान्यातून छपाईत चुकलेली, शाई फुटलेली, जास्तीची उरलेली मोठाली पत्रकं किलोवर आणायची. मागाच्या खोलीच्या कोपऱ्यात त्यांचा ढीग असायचा. मोर्चाची, बंदची, जयंतीच्या मिरवणुकीची, पाण्याच्या हक्काची, आणि शहर वाढत गेलं तशी फ्लॅटच्या बुकिंगचीसुद्धा. आबांना वाचता यायचं नाही, मायलाही नाही. मी त्या ढिगावर पालथी पडून मोठ्यानं वाचायचे. ‘जागे व्हा!’ ‘आता माघार नाही!’ ‘याला जबाबदार कोण? नाव सांगा!’

माय चरखा फिरवता फिरवता हसायची. “कुणाला जागं करायलीस गं? तुझा बाप तर पहाटपासून जागाच हाय.”

आमचं घर शहराच्या टोकाला, गारखेड्याच्या कडेला होतं. दोन पत्र्याच्या खोल्या. एकीत आम्ही, दुसरीत माग. घोंगडीचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर असतो. विणणारा काठावर बसून पाय खड्ड्यात सोडतो. आबा खड्ड्यात कमरेपर्यंत बुडालेले, अशीच माझी त्यांची पहिली आठवण आहे. गल्लीत असे सात माग होते. घरामागं मोकळं पडीक रान होतं, आणि त्या रानात वर्षातून दोनदा मेंढकेमामा यायचे.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. त्यांच्या बापानं आमच्या आजोबांना लोकर दिली, मामांनी आबांना दिली, म्हणून ते मायचे भाऊ झाले आणि आबा त्यांचे दाजी. दीडशेएक मेंढ्यांचा कळप, दोन गाढवं आणि एक करडा कुत्रा घेऊन ते यायचे, मागच्या रानात कातरणी करायचे. पहिल्या मेंढीची लोकर कातरली की तिच्यावर चिमूटभर भंडारा टाकायचे आणि त्यातलीच एक बट मायच्या तळव्यावर ठेवायचे. माय दुसऱ्या तळव्यानं ती चोळायची. जिवंत मेंढीच्या अंगावरून आलेल्या लोकरीचं तेल हाताला लागतं. तळवा चमकला की माय मान हलवायची. मग मामा भाव सांगायचे. एकदाच. कुणी घासाघीस करायचं नाही.

“दाजी, यंदा मेंढ्यांनी मोर्चा काढलाय. भाव वाढवून पायजे म्हणत्यात.”

“मंग त्यांला म्हणावं पत्रक छापा. आमची पोरगी वाचंल.”

जुन्या बाजारात लोकरीचा एक व्यापारी होता. त्याच्याकडं बाहेरून पोती यायची. दर कातरणीला त्याचा माणूस सायकलवरून आमच्या गल्लीत यायचा आणि सहज विचारल्यासारखं विचारायचा, “मेंढक्यानं काय भाव काढला यंदा?” मला वाटायचं, नुसता चौकस आहे. एका माणसानं रानात उभं राहून एकदाच उच्चारलेला भाव अख्ख्या बाजाराला बांधून ठेवतो, हे मला कोणत्याही पत्रकानं शिकवलं नव्हतं.

मग दोन पावसाळे कोरडे गेले. आमच्याकडं आठ दिवसांनी टँकर यायचा आणि घरातल्या सगळ्या गोष्टी टँकरच्या दिवसावरून मोजल्या जायच्या. लग्न कधी? टँकरनंतर दोन दिवसांनी. गावाकडं गुरांना पाणी नव्हतं, पण शहराच्या कडेनं इमारती मात्र वर चढत होत्या. मागचं रान तारेचं कुंपण घालून कुणीतरी घेतलं. सातातल्या तीन घरांनी मागाचे खड्डे बुजवले. एक जण बांधकामावर गेला, दोघं रखवालदार झाले. आबा म्हणायचे, “एकदा बुजवलेला खड्डा परत कुणी खणत नाय.”

त्या फाल्गुनात वेरूळच्या एका दुकानदारानं वीस घोंगड्यांची मागणी दिली. श्रावणात तिथं देवळाला गर्दी असते, पोथीला बसायला लोक घोंगडी घेतात. आबांनी भाव सांगितला. मामांच्या लोकरीचा भाव धरून सांगितला, कारण दुसरा कोणता भाव असतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या रात्री जेवताना ते मायला म्हणाले, “ह्या वीस गेल्या तर माग ऱ्हातो. नाय तर आपलाबी खड्डा माती मागतोय.”

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते.

चैत्रात, कातरणी पंधरा दिवसांवर आलेली असताना, सकाळी एक टेम्पोवाला दारात येऊन उभा राहिला. आत यायलाही तयार नव्हता. “तुमच्या मेंढक्याची मेंढरं गेली,” एवढंच म्हणाला. आबांना वाटलं, चोरीला गेली. आम्ही त्याच्याच टेम्पोत बसून निघालो.

बायपासच्या पलीकडं एक जुनी दगडाची खदान होती. शहरातल्या इमारतींना दगड पुरवून पुरवून ती खोल झाली होती आणि मग सोडून दिली होती. तिच्या उतारावर मेंढ्या पडल्या होत्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बसल्यात. दुपारच्या आधी मेंढ्या अशा एकमेकींच्या सावलीत तोंड घालून बसतात. मग दिसलं की कुत्रा त्यांच्याभोवती पळतोय. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं, भुंकत, त्यांना उठवत, कळप जमवत. कुणी उठत नव्हतं. तो थांबायचा, एकीच्या कानाला नाक लावायचा, आणि परत पळायचा. खाली खदानीच्या तळाशी पांढुरक्या फेसाचं डबकं होतं. काठावर पाच कोकरं उभी होती, अजून पाणी प्यायला न लागलेली, आईच्या दुधावरची. त्यांचाच तेवढा आवाज.

मामा एका दगडावर बसले होते. पागोटं मांडीवर. रडत नव्हते. आबा जवळ गेले तसे ते एखाद्या दुसऱ्याच माणसाची हकीकत सांगावी तसं सांगू लागले.

“टँकर आला, दाजी. पहाटचं. म्या म्हणलं, देव पावला.”

आबांनी खालच्या डबक्याकडं पाहिलं.

“त्यो तिकडं कडंनं नळी सोडायला लागला. म्याच त्याला म्हणलं, बाबा, ह्या बाजूनं सोड, मेंढरांला उतरता येतंय. त्यानं ह्या बाजूनं सोडलं. माझ्या तोंडाकडं बघितलं, पर बोलला नाय काय. म्या त्याला हात जोडले, दाजी.”

मला अजूनही या वाक्याच्या पुढं जाता येत नाही. आमच्या त्या दोन वर्षांत टँकर म्हणजे पाणी. दुसरं काही टँकरमध्ये असू शकतं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नसतं. माझ्याही नाही. कुठल्या कारखान्यानं ते घाण पाणी पाठवलं, कुणाच्या सांगण्यावरून, टँकर कुणाचा, काही कळलं नाही. आलं, ओतलं, गेलं. तासाभरात कळप संपला.

ऊन चढलं तेव्हा व्यापाऱ्याचा तो सायकलवाला माणूस आला. बातमी त्याला आमच्याइतकीच लवकर लागली होती. कॅरियरला रिकामी पोती आणि हातात कातर. तो मामांसमोर उकिडवा बसला.

“अंगावर भरलेली लोकर हाय, मामा. मातीत कशाला घालता?”

“मेल्या मेंढीला कातर लावत नाय आमी,” मामा म्हणाले.

त्यांच्यात आणि आमच्यात ही रीत पक्की होती. मेलेल्या जनावराची लोकर त्याच्याबरोबर मातीत जाते. ती देवाच्या ओट्यावर चालत नाही, नवरा-नवरीच्या खाली चालत नाही, बाळंतिणीच्या बाजेवर चालत नाही.

“देवाला कोण सांगायला जातंय?” तो माणूस म्हणाला.

आबा म्हणाले, “देवाला सांगावं लागत नाय, बाबा. हाताला कळतं. ऊठ.”

तो उठला, पण गेला नाही. लांब बाभळीखाली जाऊन बिडी ओढत बसला. आणि तेवढ्यात आबांच्या खिशातला फोन वाजला. माय होती. टँकर दोन दिवस आधीच आलाय, ड्रम रिकामे आहेत, मी एकटी आहे, ताबडतोब या. आबा फोन कानाला धरून मेंढ्यांकडं बघत उभे राहिले. मामांनी सगळं ऐकलं होतं.

“जावा दाजी. पाणी सोडू नगा.”

आम्ही गेलो. आठ दिवसांचं पाणी होतं. मी टेम्पोतून मागं वळून पाहिलं. शेजारच्या बांधकामावरून खड्डा खणायचं मशीन खदानीकडं निघालं होतं, आणि तो माणूस अजून बाभळीखालीच होता.

चार दिवसांनी मी आणि आबा जुन्या बाजारात लोकर घ्यायला गेलो. व्यापाऱ्यानं जो भाव सांगितला तो मामांच्या भावाच्या दीडपट होता.

“काय करणार? माल कमी झाला,” तो म्हणाला.

त्याच्या पाठीमागं भिंतीला लावलेली पोती होती. मी दिवाळीत बाजारात आले होते तेव्हाही हीच होती. एकावर लाल शाईनं काढलेलं फुलीचं चिन्ह मला आठवत होतं. मी म्हणाले, “ही पोती तर दिवाळीपासून इथंच आहेत. ह्या मेंढ्या थोड्याच मेल्यात?”

“ताई शिकलेल्या दिसतात,” तो आबांकडं बघून म्हणाला. “शिकलेल्या माणसाला बाजार कळत नाही बघा.”

त्या दिवशी आम्ही लोकर न घेताच परतलो. महिन्याभरात भाव दुप्पट झाला. तीच पोती, तीच लोकर. तिच्यात काडीचा फरक पडला नव्हता. फरक एवढाच, की आता रानात उभं राहून एकदा भाव सांगणारा कुणी उरला नव्हता. मी पत्रकांमध्ये शोषण, साठेबाजी असले शब्द शेकड्यांनी वाचले होते. ते खरे असतात, एका मरणावर असे उभे असतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आमच्या गल्लीतले आणखी दोन खड्डे त्या महिन्यात बुजले.

माय आबांना म्हणाली, “वेरूळवाल्याला सांगा, भाव वाढवून द्या.”

“बोललो तेच बोललो.”

“मेंढरं मेल्यावर बोलला असता तर?”

“आधी बोललो ना?” आबा म्हणाले, आणि खड्ड्यात उतरले.

शेवटी ज्येष्ठात व्यापाऱ्याकडून एक पोतं आणलं. मायनं ते सोडलं, एक बट काढून तळव्यावर चोळली, आणि चोळतच राहिली. तळवा कोरडाच. तिनं चरख्याला लावून पाहिली तर धागा तीनदा तुटला. मग तिनं लोकर उजेडात धरली. मुळाशी वाळक्या कातडीचे बारीक पापुद्रे होते. कातरलेली लोकर नव्हती ती, उपटलेली होती, मेल्या मेंढीची.

मायनं पोतं उचलून अंगणात नेऊन ठेवलं आणि हात मातीनं घासून धुतला. पाणी वाया जाऊ नये म्हणून आधी माती.

व्यापाऱ्यानं पोतं परत घेतलं नाही. मग आबा पायी निघाले. पार लांबच्या तालुक्यांत, वाड्यावाड्यांवर, जिथं कुणाकडं पाच-दहा मेंढ्या उरल्या होत्या तिथून मूठमूठ लोकर मागेल त्या भावानं गोळा करून आणली. प्रत्येक गाठोडं मायच्या तळव्यावरून गेलं. वीसच्या वीस घोंगड्या त्या लोकरीच्या झाल्या. त्यात आबांना काही सुटणार नव्हतं. माग उभा राहणार होता, एवढंच.

आणि मी पत्रक लिहिलं.

मला दुसरं काय येत होतं? लहानपणापासून ज्या आवाजात वाचलं होतं त्याच आवाजात लिहिलं. ‘मेलेल्या मेंढ्यांच्या लोकरीचा काळाबाजार!’ ‘बाजारातल्या प्रत्येक घोंगडीत मेलेली मेंढी आहे!’ ‘घेण्याआधी विचारा, ही लोकर कुठली!’ आणि शेवटी, ‘ही लोकर विकली कुणी? नाव सांगा!’

मी एक पोतं पाहिलं होतं. पण ‘एका पोत्यात’ असं लिहिलं की पत्रक पेटत नाही. म्हणून ‘प्रत्येक’ लिहिलं. हा शब्द मी विचार करून लिहिला, घाईत नाही. ते मला सांगायलाच हवं.

छापखान्याचे चाचा मला लहानपणापासून ओळखायचे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कागद वाचला.

“बेटी, इत्ते उद्गारचिन्हां कायकू?”

“लोक जागे व्हायला नकोत का, चाचा?”

“लोगां पढते नै, बेटी. लपेटते. भजे लपेटते, घोंगडी लपेटते.” पण त्यांनी पाचशे छापून दिली, आणि कागदाचेच पैसे घेतले.

क्रांती चौकात दुपारभर उभी राहून मी ती वाटली. काहींनी घडी करून वारा घेतला. एका बाईनं थांबून पूर्ण वाचलं आणि “शी!” म्हणाली. मला ते “शी” फार आवडलं. वाटलं, लागलं कुठंतरी. दोन-अडीचशे गेली. उरलेली घरी आणली आणि ठेवून दिली. कुठं ठेवली? घरात कागद ठेवायची जागा एकच होती. कोपऱ्यातल्या ढिगावर, सगळ्यांत वर.

आषाढात घोंगड्या झाल्या. त्या दिवशी माझी परीक्षा होती. आबांनी नेहमीसारखं केलं. एकेक घोंगडी घडी घालून, ढिगावरचा वरचा कागद घेऊन, गुंडाळून, सुतळी बांधून. वीस. टेम्पोनं वेरूळला पाठवल्या.

चौथ्या दिवशी वीसच्या वीस परत आल्या.

टेम्पोवाला म्हणाला, “दुकानदारानं पयलीच सोडली गिऱ्हाइकासमोर. त्या गिऱ्हाइकानं कागद वाचला मोठ्यानं. दुकानात बोंब झाली. दुकानदार म्हणला, स्वतःच कागदात लिहून देत्यात, मेली मेंढी हाय म्हणून, आनि माझ्या गळ्यात बांधत्यात.”

आबांना काही उमजेना. त्यांनी एका घोंगडीची सुतळी सोडली, कागद काढून माझ्यापुढं धरला. “वाच बरं. काय हाय ह्यात?”

कागद हातात घेण्याआधीच मी ओळखला होता. एवढ्या वर्षांत मी आबांना शेकडो पत्रकं वाचून दाखवली होती. हे मला वाचायचं नव्हतं. पण वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही उद्गारचिन्ह न देता.

“कुणी लिव्हलं?” आबांनी विचारलं.

“मी.”

माय चरख्यावरून उठली. “आगं, प्रत्येक? प्रत्येक घोंगडीत? ह्या हातानं बट अन् बट चोळली म्या!” तिनं तळवा माझ्या डोळ्यांसमोर धरला. “ह्याला इचारलं असतंस आधी.”

आबा कागदाकडं बघत राहिले. वाचता न येणाऱ्या माणसाच्या नजरेनं, नुसत्या काळ्या खुणा बघत. मग म्हणाले, “छपाई चांगली उठलीया.” आणि तो कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी ते मागावर बसले नाहीत. अंगणात मातीच्या ढिगाऱ्याकडं बघत बसले. गल्लीत बुजवलेल्या खड्ड्यांसाठी आणलेली ती उरलेली माती होती.

संध्याकाळी मेंढकेमामा आले. आमच्या मागच्या रानात आता इमारत उठत होती आणि तिथंच ते रखवालदार झाले होते. ज्या जागी कातरणी करायचे तिथंच खुर्ची टाकून बसायचे. पाच कोकरांतली दोन जगली होती. बाटलीनं दूध पाजून ती त्यांनी सिमेंटच्या पोत्यांमागं बांधली होती. मामा आले की त्यांच्यासाठी घोंगडी अंथरायची पद्धत. मायनं अंथरली. ते तिच्यावर बसले नाहीत, कडेला जमिनीवर बसले. आम्हाला वाटलं, अंगाला सिमेंट लागलंय म्हणून.

“मला वाचून दाव ते,” ते मला म्हणाले.

परत वाचलं. ‘विकली कुणी? नाव सांगा’ इथं आले तेव्हा त्यांनी हात वर केला. पुढं काही नव्हतंच.

“दाजी, उद्या मला वेरूळला न्या.”

आम्ही तिघं सकाळच्या एस.टी.नं गेलो. वीस घोंगड्या टपावर, उघड्या. दुकानदार भला माणूस होता. त्यानं चहा मागवला, पण घोंगड्यांकडं बघेना. मामांनी एक घोंगडी त्याच्यापुढं पसरली, त्याचा हात धरून तिच्यावर घासला.

“मामा, मला काय कळतंय ह्यातलं? गिऱ्हाइकानं वाचलं ते वाचलं. आता मी कुणाकुणाला हात घासायला लावू?”

“कागदात नाव मागितलंय ना?” मामा म्हणाले. “घ्या नाव. मेलेली लोकर म्या विकली.”

आबांनी कप खाली ठेवला.

“हे दाजी गेले पाणी भरायला. बरूबर गेले. मागनं ते खड्डा खणायचं मशीन आलं. मशीनवाला म्हणला, आधी पैसा. माझ्याजवळ काय? उन्हात मेंढरं फुगायला लागली. कुत्री जमली. त्यो लोकरवाला बाभळीखाली बसूनच व्हता. त्यानं मशीनवाल्याला पैसा दिला आनि लोकर घेतली, कातरून, उपटून. उन्हं उतरायच्या आत मेंढरं मातीत गेली. उघडी गेली.” त्यांनी घोंगडीवर हात ठेवला. “ती त्यानं पोत्यांत मिसळली असंल. यांनी विणली नाय. ही सात वाड्यांची जिती लोकर हाय. आनि मेलेलीचं मी सांगतोय, ज्यानं विकली त्यो. अजून कुणाचं ऐकणार तुमी?”

मामांसारख्या माणसानं हे तोंडानं सांगणं म्हणजे काय, ते दुकानदाराला आमच्याइतकं कळलं असेलच असं नाही. पण त्यानं मामांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि घोंगड्या मोजून आत घ्यायला लागला. बाराच घेतल्या. उरलेल्या आठांच्या जागी त्यानं दोन दिवसांपूर्वीच गिरणीची ब्लँकेटं भरली होती. भाव ठरला तोच दिला.

“आणि कागद नको,” तो म्हणाला. “उघड्याच बऱ्या.”

परतीच्या एस.टी.त मामा माझ्या शेजारी बसले होते. तिकीट काढून झाल्यावर म्हणाले, “आता लिव्ह माझं नाव.”

मी मान हलवली. नाही.

“का? तूच मागितलं व्हतंस.”

मी तोंड फिरवलं. खिडकीतून वारा गरम येत होता. मग ते रागानं नाही, खरोखरच कळत नाही म्हणून विचारावं तसं बोलले. “लोकर कुणी विकली ते इचारलंस. पर त्यो टँकर कुणाचा, हे नाय गं इचारलंस कुठं.”

मी पाचशे कागदांवर नाव मागितलं होतं. सगळं गमावलेल्या माणसाचं. ज्यानं ओतलं त्याचं नाव मागायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं. व्यापारी समोर दिसत होता, पोती दिसत होती, भाव दिसत होता. टँकर येऊन गेला होता. जो निघून जातो त्याला आपण विचारत नाही. एवढी पत्रकं वाचून मी हेच शिकले होते का, असं मला त्या गाडीत वाटलं.

घरी आल्यावर मायनं चहा टाकला आणि घोंगडी अंथरली. मामा पुन्हा जमिनीवरच बसले. या वेळी कारण आम्हाला माहीत होतं. “मला आता चालत नाय ती, अक्का,” ते म्हणाले. आबा त्यांच्यासमोर घोंगडीवर बसले होते. ते उठले, घोंगडीची घडी घातली, बाजूला ठेवली, आणि मामांशेजारी जमिनीवर बसले. तेव्हापासून मामा आले की आमच्या घरात सगळेच जमिनीवर बसतात.

पुढच्या आठवड्यात मी चाचांकडं गेले. नवा कागद दिला. त्यावर चार ओळी होत्या. चैत्रात पहाटे बायपासपलीकडच्या खदानीत एका टँकरनं पाणी सोडलं. ते पिऊन एका माणसाच्या सगळ्या मेंढ्या मेल्या. त्यानंतर लोकरीचा भाव दुप्पट झाला आणि आमच्या गल्लीतले दोन माग बंद पडले. हा टँकर कुणाचा होता?

चाचांनी दोनदा वाचलं. “उद्गारचिन्ह एकभी नै?”

“नको.”

मी ती क्रांती चौकात वाटली, कलेक्टर कचेरीत दिली, आवक-जावकचा शिक्का मारून घेतला. उत्तर आलं नाही. लोकरीचा भाव उतरला नाही, आजही उतरलेला नाही. गल्लीत आता दोनच माग आहेत. एक आबांचा.

उरलेली पत्रकं मी या वेळी ढिगावर ठेवली नाहीत, माझ्या दप्तरात ठेवली. पण राहिलेल्या आठांतल्या एका घोंगडीला गिऱ्हाईक आलं तेव्हा आबांनी मला हाक मारली. हल्ली ते गुंडाळण्याआधी प्रत्येक कागद माझ्याकडून वाचून घेतात. फ्लॅटच्या बुकिंगचं पत्रक वाचून झालं. त्यांनी ते बाजूला सारलं.

“तुझं ते टँकरचं आण,” ते म्हणाले.

मी दप्तरातून आणलं. त्यांनी छापलेली बाजू बाहेर येईल अशी घडी घातली, सुतळी अक्षरांवर येणार नाही अशी बांधली, आणि घोंगडी गिऱ्हाइकाच्या हातात दिली. ते गिऱ्हाईक लांबच्या गावचं होतं. गाडीत बसल्यावर ते कागद वाचत असल्याचं मला दारातून दिसलं.